पहिलं सावज पाडल्यावर आपणच का पडतो: पाच जणांच्या टेबलाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘व्हँपायर: द इटर्नल स्ट्रगल’ या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धेत पहिलं सावज (डावीकडचा प्रतिस्पर्धी) तासाभरातच पाडलं जातं, एक व्हिक्टरी पॉइंट मिळतो, आणि तिथून दोन-तीन फेऱ्यांत आपणच बाद होतो. टेबलावर करार करावेत तर समोरचे मोडतात, करू नयेत तर सगळे मिळून अंगावर येतात. मग चूक डेकमध्ये आहे की बोलण्यात?

डेक आणि बोलणं दोन्ही नंतर बघू. चूक बहुतेक वेळा त्याआधी, मोजण्यात झालेली असते. या खेळात टेबलाचं राजकारण म्हणजे गोड बोलणं नव्हे. कोण पडल्यावर कुणाला सहा पूल, म्हणजे जगण्याचे गुण, मिळणार, आणि टेबलावर किती जण उरणार, हे प्रत्येक फेरीत डोक्यात तयार हवं. ते असेल तर चार वाक्यं बोलून काम होतं. नसेल तर कितीही बोलून होत नाही.

हा खेळ न खेळलेल्यांसाठी दोन परिच्छेद. रिचर्ड गार्फिल्ड यांनी ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळानंतर रचलेला हा खेळ १९९४ साली ‘जिहाद’ नावाने आला, १९९५ मध्ये त्याचं नाव बदललं. २०१० मध्ये छपाई थांबली आणि २०१८ पासून ब्लॅक चँट्री प्रॉडक्शन्सने त्याला पुन्हा उभं केलं. मुळातच तो अनेकांनी एकत्र खेळायचा आहे, आणि पाच जणांचं टेबल हे त्याचं खरं रूप. प्रत्येकाकडे ३० पूल असतो. पूल शून्य झाला की बाद. तुमच्या डावीकडचा तुमचं सावज, उजवीकडचा तुमचा शिकारी, आणि पाळीही डावीकडेच सरकते.

व्हँपायर मैदानात आणायला हाच पूल खर्च होतो. दहा क्षमतेचा व्हँपायर आणला की तीसचे वीस झाले. साधा ब्लीड, म्हणजे समोरच्याचा पूल कमी करणारा हल्ला, फक्त आपल्या सावजावर करता येतो. सावज पडलं की, ते कुणीही पाडलेलं असो, त्याच्या शिकाऱ्याला एक पॉइंट आणि बँकेतून ६ पूल मिळतात. शेवटी उरलेल्याला आणखी एक. म्हणजे पाच जणांच्या टेबलावर एकूण पाचच पॉइंट. गेम विन (टेबलावरचा विजय) हवा तर किमान दोन पॉइंट पाहिजेत आणि ते बाकी प्रत्येकापेक्षा जास्त असले पाहिजेत.

पुढच्या सगळ्या उदाहरणांत टेबल असं धरा: अ म्हणजे तुम्ही. तुमचं सावज ब, त्याचं सावज क, मग ड, मग इ, आणि इ चं सावज तुम्ही.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही ब वर जोर लावला की ब काय करेल? जगायचं म्हणून तो आपले मिनियन (मैदानातले व्हँपायर आणि त्यांचे साथीदार) पुढे न पाठवता अनलॉक (न वापरलेले) ठेवेल, म्हणजे तुमचे ब्लीड अडवता येतील. ब पुढे जात नाही, त्यामुळे क मोकळा झाला. मोकळा क आता निर्धास्तपणे ड वर तुटून पडतो. ड आपलं घर सांभाळायला लागतो, त्यामुळे इ वरचा दाब निघून जातो. आणि इ चं सावज कोण? तुम्ही. तुम्ही पुढे ढकललेला दाब रहाटगाडग्यासारखा फिरून तुमच्याच पाठीवर येतो, आणि पाळीचा क्रमही तोच असल्यामुळे तो एका फेरीत येतो. त्या वेळी तुमचे तिन्ही मिनियन ब्लीड करून लॉक झालेले असतात.

हेच टेबल चौघांचं असेल तर हिशेब उलटा होतो. अ ने ब ला दाबलं, ब थांबला, क मोकळा झाला, क ने ड ला दाबलं, आणि ड हाच तुमचा शिकारी. म्हणजे चौघांत सावजाला दाबणं हाच पाठ सांभाळण्याचा उपाय ठरतो. तिघांत पुन्हा पाचासारखं: ब थांबला की क मोकळा, आणि क थेट तुमच्यावर. विषम संख्येत तुमचा दाब तुमच्याकडे परत येतो, सम संख्येत तो तुमच्या शिकाऱ्यावर जाऊन पडतो. प्रत्यक्षात डेकचे प्रकार हा हिशेब थोडा वाकवतात. समोर भिंतीसारखी बचावी डेक असेल तर तिला मोकळीक मिळूनही ती पुढे जात नाही. पण कल मात्र हाच राहतो, आणि माझ्या मते या खेळातली निम्मी ‘विश्वासघाताची’ गाऱ्हाणी प्रत्यक्षात या कलाची असतात. इ ने तुम्हाला फसवलेलं नसतं, तुम्हीच त्याला मोकळं केलेलं असतं.

म्हणून पाच जण असताना सावजाला वागवायच्या दोनच पद्धती आहेत. तिसरी, मधली पद्धत घात करते.

पहिली पद्धत: दर फेरीला दोन-तीन पूल घ्या, त्याहून जास्त नाही. एवढा मार बसला तर ब ला त्रास होतो, पण तो गाशा गुंडाळत नाही, क वर जाणं चालू ठेवतो. साखळीतला प्रत्येक जण थोडा दाबलेला राहतो आणि इ ला तुमच्यावर सगळं पणाला लावण्याची सवड मिळत नाही. यात तुमचे तीन मिनियन असतील तर दोन पुढे जातात, एक अनलॉक राहतो. हा मागे ठेवलेला एक बहुतेक फेऱ्यांत काहीच करत नाही असं वाटतं, पण त्याच्याकडे बघूनच इ आपला बेत ठरवत असतो.

दुसरी पद्धत: एकाच पाळीत संपवायचं. ब नऊवर आहे. तुमचे तीन मिनियन आहेत आणि प्रत्येक जण तीनचा ब्लीड करू शकतो, म्हणजे बरोबर नऊ. हा बेत कागदावर जमतो, टेबलावर जमत नाही, कारण ब एक तरी ब्लीड अडवणार किंवा वळवणार. सावजाच्या पूलच्या साधारण दीडपट ब्लीड हातात दिसत असेल तरच झेप घ्यावी. नऊसाठी तेरा-चौदा. ‘गव्हर्न द अनअलाइन्ड’ या पत्त्याने साध्या एकाचे तीन होतात. त्यावर वरच्या पातळीचं डॉमिनेट (व्हँपायरची एक शक्ती) असलेल्या व्हँपायरने ‘कंडिशनिंग’ खेळलं की आणखी तीन, म्हणजे एका कृतीत सहा. असे दोन संच आणि वर एक साधा तीनचा ब्लीड हातात असेपर्यंत थांबा.

मधली पद्धत म्हणजे नऊवरच्या ब ला सहा मारून तीनवर आणून सोडणं. प्रश्नात वर्णन केलेला पराभव बहुधा इथेच सुरू होतो. तीनवरचा खेळाडू कुणाशीही, कुठलाही करार करायला तयार असतो, आणि तो करार हमखास तुमच्या शिकाऱ्याशी होतो: “मी अ ला अडकवून ठेवतो, तू मागून मार.”

बाउन्सबद्दल, म्हणजे ब्लीड दुसऱ्यावर वळवण्याबद्दल, सविस्तर बोलायला हवं, कारण राजकारण आणि पत्ते तिथे एकमेकांत सर्वाधिक मिसळतात. ‘डिफ्लेक्शन’ किंवा ‘टेलिपॅथिक मिसडायरेक्शन’सारखा पत्ता एक ब्लड (व्हँपायरवर साठवलेलं रक्त) खर्चून तुमचा ब्लीड दुसऱ्या खेळाडूवर वळवतो. तुमच्यावर परत फिरवता येत नाही, बाकी कुणावरही येतो. ब तो कुणावर टाकेल? अर्थात आपल्या सावजावर, क वर. आता आकडे बघा: अ १४, ब ९, क ६, ड १५, इ १३. तुम्ही ब वर सहाचा ब्लीड केला, ब ने वळवला, क पडला. पॉइंट कुणाला? ब ला. सहा पूलही त्यालाच. तो नऊवरून पंधरावर गेला, तुमचे दोन-तीन पत्ते गेले, आणि समोर अधिक गब्बर झालेलं तेच सावज.

म्हणून मोठा ब्लीड करण्याआधी नजर ब कडे नाही, क च्या पूलकडे गेली पाहिजे. क चा पूल तुमच्या ब्लीडच्या आकड्याइतका किंवा कमी असेल तर आकडा खाली ठेवा. इथे क्रमाचा बारकावा कामाला येतो. ब ने अडवायचं नाही असं ठरवल्यावर पत्ता खेळण्याची पहिली संधी कृती करणाऱ्याची, म्हणजे तुमची. तुम्ही पास केलंत आणि ब नेही पास केलं, तर ब्लीड आहे तेवढ्यावर लागतो. तुम्ही पास केलंत आणि ब ने वळवलं, तर वाढवायचा पत्ता अजून तुमच्या हातात आहे, आणि तो न खेळण्याचं स्वातंत्र्यही तुमचंच. क ची अवस्था नाजूक असताना तीनच्या ब्लीडवर पास करणं हीच बरोबर चाल. ब ने वळवलं तर क तीनवर उरतो, ब चा एक बाउन्स आणि एक ब्लड खर्च होतो, आणि पुढच्या ब्लीडला तुमच्याकडे ‘कंडिशनिंग’ शिल्लक असतं. लहान ब्लीड आधी, मोठा शेवटी, हा क्रम यासाठी. आणि चार किंवा त्याहून मोठ्या ब्लीडला ‘आर्कन इन्व्हेस्टिगेशन’चा धोका असतो, तो तुमचा व्हँपायरच जाळून टाकतो. दहा क्षमतेच्या मुख्य व्हँपायरने सहाचा ब्लीड करायचा की तीनवर थांबायचं, हे त्या हिशेबानेही ठरवा.

आता समोरचे दोघे. पाच जणांत क आणि ड तुम्हाला थेट ब्लीड करू शकत नाहीत, तुम्हीही त्यांना नाही. म्हणून लोक त्यांना ‘मित्र’ धरून चालतात. ते मित्र नाहीत. त्यांचे दोन वेगवेगळे स्वार्थ तुमच्याशी जुळतात, आणि ते वेगवेगळे आहेत हे लक्षात ठेवलं तरच त्यांचा उपयोग होतो. क चा शिकारी ब आहे, त्यामुळे तुम्ही ब ला दाबावं असं क ला वाटतं. ड चं सावज इ आहे, त्यामुळे तुम्ही जगावं असं ड ला वाटतं, कारण तुम्ही पडलात तर त्याच्याच सावजाला सहा पूल मिळणार. क ला तुमचा हल्ला हवा आहे, ड ला तुमचा बचाव. क कडे बचावासाठी मदत मागितली तर तो ऐकणार नाही. ड ला “मी ब ला दाबतो” असं सांगून काही मिळणार नाही, उलट तो घाबरेल, कारण वर पाहिलं तसं त्याने क मोकळा होतो.

दोघांकडे काय मागायचं ते यावरून ठरतं. क ला म्हणा, “मी या फेरीत ब च्या त्या ब्लॉकरवर जातो, तू तेवढा वेळ ड वर हात सैल ठेव.” ड ला म्हणा, “माझा व्हँपायर टॉरपॉरमध्ये आहे, दोन ब्लड लागतात. तू वाचवलास तर पुढच्या फेरीत मी इ समोर उभा राहू शकतो.” टॉरपॉरमधून, म्हणजे जखमी व्हँपायरच्या निपचित अवस्थेतून, वाचवण्याचे दोन ब्लड वाचवणाऱ्याने किंवा वाचणाऱ्याने द्यायचे असतात, त्यामुळे ते कुणी द्यायचे हेही त्याच वाक्यात ठरवून टाका. ड ला इथे उपकार करायला सांगितलेलं नाही, त्याच्या फायद्याचा मार्ग दाखवला आहे.

मतदानात हाच नकाशा उघडपणे वापरता येतो. ‘काइन रिसोर्सेस कन्टेस्टेड’ हा ठराव मंजूर झाला तर चार पूलचं नुकसान किमान दोन खेळाडूंत वाटायचं असतं. नवखे खेळाडू तीन सावजावर आणि उरलेला एक समोरच्या कुणावर तरी टाकतात. तो एक इ वर टाका. आता बघा: ब ला तीन लागले, तो क चा शिकारी, क खूश. इ ला एक लागला, तो ड चं सावज, ड खूश. दोघांनाही मत द्यायला कारण मिळालं. समजा तुमच्याकडे प्रिन्स पदाच्या व्हँपायरची दोन मतं आणि पत्त्याचं एक, अशी तीन आहेत. विरोधात ब चा प्रिन्स दोन, इ चा प्रायमोजेन (आणखी एक पद) एक, आणि इ ने एज (शेवटचा यशस्वी ब्लीड करणाऱ्याकडे असलेलं चिन्ह) जाळला तर आणखी एक, मिळून चार. तीन विरुद्ध चार, ठराव पडला. क चा प्रिन्स आला की पाच विरुद्ध चार, मंजूर. बरोबरी झाली तर ठराव पडतो, त्यामुळे एका मताचा फरक हवाच.

पण हे बोलणं पत्ता टाकण्याआधी करायचं. राजकीय कृतीला एक स्टेल्थ (अडवणं अवघड करणारा लपण्याचा गुण) असते आणि ती ब किंवा इ, म्हणजे सावज आणि शिकारी, दोघंही अडवू शकतात. कृती अडली तर मतदानापर्यंत गोष्ट जातच नाही. आणि हातात न वापरलेला राजकीय पत्ता असलेला कुठलाही खेळाडू तो टाकून एक मत वाढवू शकतो, हे विसरू नका. टेबलावर दुसरी मतदानाची डेक असेल तर एका मताच्या बहुमतावर विसंबू नये, दोन-तीन मतं जादा ठेवावीत. मतदानच रद्द करणाऱ्या ‘डिलेइंग टॅक्टिक्स’पुढे तेही चालत नाही. पण तो पत्ता बाहेर काढून घेणं हेही एका कृतीचं चांगलं मोल आहे.

करार मोडले जातात याचं उत्तर स्वभावात शोधू नका, रचनेत शोधा. पाळायची वेळ येते तेव्हा पाळणं ज्याच्या तोट्याचं झालेलं असतं, तो करार मोडतो. “तू मला आता सोड, मी तुला नंतर सोडेन” यातलं ‘नंतर’ जितकं लांब, तितकी परिस्थिती बदललेली. खेळाच्या नियमांनी करार बंधनकारक नाहीत, आणि तो पाळायला लावणं हे पंचांचं काम नाही. म्हणून करार करताना चार गोष्टी तोंडाने स्पष्ट बोलल्या गेल्या पाहिजेत: कोण, नेमकं काय, कधीपर्यंत, आणि आधी कुणी करायचं. मुदत शक्यतो एका फेरीची, “माझ्या पुढच्या अनलॉकपर्यंत”. आणि आधी त्याने करायचं, ज्याला नंतर मोडून फायदा होणार नाही. वरच्या उदाहरणात ड ने आधी वाचवलं तर चालतं, कारण वाचलेला व्हँपायर इ समोर उभा करणं तुमच्याही हिताचं आहे. तुम्हाला मोडायचा मोहच होणार नाही, आणि ड ला ते दिसतं.

सावजाशी ‘मी तुला त्रास देत नाही’ असा मोकळा करार कधी करू नका. तुमचे पॉइंट त्याच्याकडूनच यायचे आहेत. मर्यादित करार मात्र फार उपयोगी पडतो: “या फेरीत मी तुझे तीनपेक्षा जास्त घेणार नाही, तू दोन्ही मिनियन क वर पाठव.” तीन तर तुम्हाला तसेही पुरेसे होते. त्या बदल्यात ब लॉक झाला आणि साखळी चालू राहिली.

शिकाऱ्याशी बोलणं सगळ्यात अवघड, कारण त्याचा फायदा तुमच्या मरण्यात आहे. त्याला दया येत नाही, पण आकडे समजतात. “माझे चौदा आहेत, तुला चार फेऱ्या लागतील, तोवर ड तुला दोन फेऱ्यांत पाडेल” हे खरं असेल तर बोला. खोटं असेल तर बोलू नका. पूल सगळ्यांच्या समोर असतो, तो प्रत्येकाला मोजता येतो. हातातल्या पत्त्यांबद्दल थाप मारणं हा खेळाचा भाग आहे, पण समोर दिसणाऱ्या आकड्यांबद्दल चुकीचं बोललं की त्यानंतरची खरी वाक्यंही फुकट जातात. आणि शिकारी दोन पाळ्यांत मारणार अशी खात्री असल्याशिवाय मागे फिरून ‘बम्स रश’ने त्याच्या मिनियनशी लढाई करू नका. मागे वळलेली प्रत्येक कृती ब ला फुकट मिळालेली फेरी असते.

आता तुमच्या नेमक्या अडचणीकडे. ब पडला. तुमचे १४ अधिक ६, वीस झाले. टेबल आता चौघांचं: अ, क, ड, इ. बहुतेक जण इथे दम घेतात. पुन्हा व्हँपायर आणतात, पत्ते गोळा करतात, दोन फेऱ्या क ला हात लावत नाहीत. पण वरचा हिशेब आठवा: चौघांत सावजाला दाबणं हाच पाठीचा बचाव. क ला मोकळं सोडलंत की तो ड ला दाबतो, ड थांबतो, इ मोकळा होतो, आणि त्याच वेळी टेबलावर एकमेव पॉइंट तुमच्याकडे असल्याने सगळ्यांची नजर तुमच्यावर असते. पाचांत हळू चालायचं होतं तिथे तुम्ही धावलात, आणि चौघांत धावायचं होतं तिथे थांबलात.

म्हणून झेप घेताना हातातलं सगळं खर्चू नका. ब पडेल त्या पाळीच्या शेवटी किमान एक बाउन्स किंवा ‘ऑन द की वीव्ह’सारखा, लॉक झालेल्या व्हँपायरलाही बचाव करू देणारा पत्ता हातात असला पाहिजे, म्हणजे इ ची पहिली फेरी निभावते. आणि पुढच्याच पाळीत क वर जायचं. तेवढी ताकद नसेल तर ब ला आणखी एक फेरी जगू द्या. पडणारं सावज कुठे पळून जात नाही. तेवढ्यात दुसऱ्या कुणी ते पाडलं तरी पॉइंट आणि पूल तुमचेच.

चौघांत समोर एकटा ड उरतो आणि त्याचे दोन्ही स्वार्थ तुमच्या बाजूचे असतात: तुम्ही त्याच्या शिकाऱ्याला दाबता, आणि त्याच्या सावजाचं खाणं बनत नाही. पण तोही मोजतो. क पडला की तुमचे दोन पॉइंट, उरले तीन. ड ला तुम्हाला हरवायचं तर तिन्ही मिळवावे लागतील: इ, मग तुम्ही, मग शेवटचा. आपण हे करू शकतो असं त्याला वाटेल तोवरच तो तुमच्या बाजूने राहील. त्याच्यासमोर तेवीस पूल आणि चार तगडे व्हँपायर घेऊन बसलात तर तो क ला वाचवायला धावेल, आणि त्याचं काही चुकत नाही. या टप्प्यावर थोडं कमी दिसणं फायद्याचं असतं. पूल व्हँपायरमध्ये गुंतवायचा असेल तर आता गुंतवा, बारा-तेरावर दिसा.

वेळेचा हिशेब कुणी करत नाही आणि तोच शेवटी बसतो. प्राथमिक राउंड साधारण दोन तासांचा. पाच जणांनी प्रत्येकी दोन मिनिटांत पाळी संपवली तर एक फेरी दहा मिनिटांची, म्हणजे बारा फेऱ्या. चार मिनिटं घेतली तर सहाच. वेळ संपली की जिवंत असलेल्या प्रत्येकाला अर्धा पॉइंट. एक सावज पाडून जिवंत राहिलात तर दीड, आणि दीडात गेम विन नाही. त्यामुळे लांबलेल्या वाटाघाटींचा फायदा नेहमी मागे पडलेल्याला होतो. पुढे असाल तर बोलणं दोन वाक्यांत संपवा, आणि दुसऱ्याच्या पाळीतच आपली पाळी ठरवून ठेवा. तासाभराच्या खुणेला स्वतःला विचारा: दुसरा पॉइंट कुणाकडून आणि कितव्या फेरीत येणार? उत्तर नसेल तर आतापर्यंत केलेले करार दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचे होते.

स्पर्धेच्या नियमांत जिंकण्यासाठी खेळणं बंधनकारक आहे. गेम विन शक्य असेल तर त्यासाठी, नसेल तर जास्तीत जास्त पॉइंटसाठी. त्यामुळे “मी तर मरतोच आहे, पण तुला घेऊन मरतो” ही धमकी टेबलावर ऐकू आली तरी ती प्रत्यक्षात आणणं नियमात बसत नाही. तसा प्रकार दिसला तर वाद न घालता पंचांना बोलवा. पुढच्या राउंडमधली परतफेड, बक्षिसात वाटा, टेबलाबाहेरचं काहीही करारात आलं की तो संगनमताचा गुन्हा होतो. मित्रांबरोबर स्पर्धेला जाणाऱ्यांनी ही रेघ आधीच आपसांत बोलून घ्यावी.

डेकबद्दल थोडंच. पत्ता खेळला की लगेच नवा उचलायचा असतो, हातात सात. त्यामुळे बाउन्स कमी असले तर लागतील तेव्हा नसतात आणि जास्त असले तर हात तुंबतो. ऐंशी पत्त्यांच्या लायब्ररीत (हातात घेऊन खेळायच्या पत्त्यांच्या गठ्ठ्यात) आठ ते दहा बाउन्स आणि सहा-आठ ‘ऑन द की वीव्ह’सारखे जागं करणारे पत्ते हे प्रमाण राजकारणालाही पूरक ठरतं, कारण इ ला तुमच्या हातात बाउन्स असेल असं वाटत राहतं. मास्टर पत्ते (मिनियनने नव्हे, खेळाडूने स्वतः खेळायचे) बारा ते पंधरा. पाळीला एकच खेळता येतो, वीस ठेवले तर सडतात. बारा पत्त्यांच्या क्रिप्टमध्ये (व्हँपायरच्या वेगळ्या गठ्ठ्यात) मुख्य व्हँपायरच्या चार प्रती असतील तर पहिल्या चारांत तो मिळण्याची शक्यता सुमारे ८६ टक्के, पाच असतील तर सुमारे ९३. तोच अनन्य (मैदानात एका वेळी एकच असू शकणारा) व्हँपायर दुसऱ्या कुणाच्या डेकमध्ये निघाला तर तो दोघांच्याही हातून जातो आणि वाद चालू ठेवायला दोघांना दर अनलॉकला एक-एक पूल मोजावा लागतो. समोरचा क किंवा ड असेल तर हा वाद तिसऱ्या फेरीपर्यंत बोलून मिटवा. कोण सोडणार आणि त्या बदल्यात काय, हे ठरवा. दोघांची गळती ब आणि इ च्या पथ्यावर पडत असते.

‘मॅजिक’च्या कमांडर या प्रकारातून आलेल्यांना एक सूचना. तिथे चौघांत कुणीही कुणावर हल्ला करू शकतो, प्रत्येकाकडे चाळीस लाइफ, आणि राजकारण बहुतांशी ‘आत्ता सर्वांत धोकादायक कोण’ यावर चालतं. एखाद्याने जिंकायची चाल टाकली की उत्तर देण्याची संधी पाळीच्या क्रमाने फिरते, आणि प्रत्येक जण पुढच्याकडे उत्तर असेल या आशेने पास करत जातो. शेवटचा अडकतो. ती सवय इथे आणू नका. इथे पुढे असलेल्या खेळाडूला थोपवण्याचं काम मुख्यतः त्याच्या शिकाऱ्याचं आहे. बाकीच्यांनी आपापलं सावज सोडून त्याच्यावर धाव घेतली तर तेच लंगडे पडतात. क पुढे गेला असेल तर ब ला बळ द्या: ब वरचा हात एक फेरी सैल करा आणि तसं त्याला स्पष्ट सांगा.

अंतिम फेरीत पाच जण पोहोचतात आणि तिथे दोन गोष्टी बदलतात. दोन पॉइंटची अट नसते, सर्वाधिक पॉइंटवाला जिंकतो, आणि बरोबरी झाली तर प्राथमिक क्रमवारीत वरचा. म्हणजे पहिल्या क्रमांकाने आलेल्याला वेळ संपणं चालतं, बाकी चौघांना नाही. त्यामुळे चौघांनी पहिल्या वीस मिनिटांतच त्याच्या शिकाऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हायला हवं. जागा शेवटच्या क्रमांकापासून निवडल्या जातात आणि पहिला सर्वांत शेवटी बसतो. तुम्ही दुसरे किंवा तिसरे असाल तर स्वतःच्या आवडीच्या सावजाशेजारी बसण्याआधी बघा, पहिल्यासाठी कुठल्या जागा उरतात. चोरून मोठे ब्लीड करणारी डेक त्याच्या उजवीकडे येईल असं बसता आलं, तर पुढच्या दोन तासांतल्या निम्म्या वाटाघाटी कराव्याच लागत नाहीत.